गुळाचा लाडू 'शुगर फ्री' कसा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत 'शुगर फ्री पौष्टिक लाडू' ही रेसिपी वाचली. साहित्यात दोन वाट्या गूळ, वर अर्धी वाटी खजूर. वाचून राहवलं नाही म्हणून लिहायला बसलो, कारण याच गुळानं मला जानेवारीत बारा दिवस फसवलंय (म्हणजे फसलो मीच, गुळाचा बिचाऱ्याचा काय दोष).

झालं असं की डिसेंबरात रक्त तपासलं, एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) ६.१ आलं. डॉक्टर म्हणाले शुगर झाली नाही पण काठावर आलाय, ५.७ च्या खाली पाहिजे, गोळी आत्ता नको, आधी गोड बंद करा आणि चाला. म्हणलं करू, १ ते ३१ जानेवारी, महिनाभर साखर नाही. बोलायला सोपं होतं हो. आमचं घर कराड तालुक्यातलं, तीन पिढ्या ऊस, कारखान्याचे सभासद, दिवाळीला सवलतीच्या दरातली साखर येते ती पोत्यानं कोठीत असते आणि दारात माणूस आला की तो बसायच्या आत चहाचं आधण चढतं. शेजारचे अण्णा म्हणाले, ऊसवाल्यानंच साखर सोडली तर कारखाना चालायचा कसा? त्यांना सांगितलं, आता इथेनॉल पण करतात, माझ्यासाठी कोण थांबत नाही.

सुरुवात करायच्या आदल्या दिवशी लेकीचा केकचा वजनकाटा काढला आणि आमचा चहाचा चमचा मोजला. आमचा चमचा म्हणजे पोहे खायचा, तो भरून घेतला तर ७ ग्रॅम. कपाला दोन चमचे, दिवसाला पाच कप, म्हणजे ७० ग्रॅम नुसती चहातून, बिस्कीट वेगळं. महिन्याचे दोन किलोच्या वर जातात! जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर दिवसभराच्या कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, म्हणजे साधारण ५० ग्रॅम, आणि जमलं तर त्याच्या निम्मी. मी चहातच पार पुढं गेलो होतो.

मग घरात ठरलं, गुळाचा चहा करायचा. गूळ उकळताना घातला की दूध फाटतं, म्हणून चहा खाली उतरवून मग खडा टाकायचा, हे दोन पातेली वाया घालवून कळलं. चहा मस्त लागत होता, मी पण खूश, येईल त्याला सांगत होतो बघा साखर सोडली, काहीच त्रास नाही. त्रास होईल कशाला? गूळ म्हणजे उसाचाच रस आटवलेला, त्यात बहुतेक साखरच, थोडं लोह बिह असतं पण ते चहातल्या खड्यानं कितीसं मिळणार. संघटनेच्या त्या साखरेच्या हिशोबात मध पण येतो, फळांचा ज्यूस पण येतो, अख्खं फळ तेवढं येत नाही. बाराव्या दिवशी लेकीनं फोनवर विचारलं, बाबा तो खडा वजन केला का? केला. ११ ग्रॅम.

तेराव्या दिवशी गूळ बंद केला आणि दुसऱ्या दिवशी नेमकी संक्रांत. कोणी तिळगूळ पुढं केला तर नाही कसं म्हणायचं, आणि ते पण गोड बोला म्हणताना! घेतला आणि शर्टाच्या खिशात टाकत राहिलो. तो शर्ट तसाच धुवायला गेला, पुढचं सांगत नाही.

खरा त्रास आता सुरू झाला. तीन दिवस डोकं धरलं, चिडचिड झाली. अर्थात फिका चहा घशाखाली उतरत नव्हता म्हणून मी पाचावरून दोन कपांवर आलो होतो, तेव्हा डोकं साखरेमुळं धरलं का चहामुळं हे देवाला माहीत. पण त्याहून जास्त ताप माणसांचा. कुठं गेलो आणि बिनसाखरेचा म्हणलं की पहिला प्रश्न, "शुगर झाली का हो?" आठ दिवसांत गावभर झालं की मला शुगर आहे, एकानं तर कारल्याच्या रसाची बाटली घरी आणून दिली. माझ्या एकट्यासाठी वेगळं पातेलं ठेवायचं म्हणजे वहिनींना पण जड वाटायचं, म्हणून काही ठिकाणी चहा झालाय असं खोटं बोललो. २६ तारखेला झेंडावंदनानंतर जिलेबी आली, तिथून मात्र सरळ पळ काढला.

पुड्यामागचं वाचायची सवय लागली हा एक फायदा. घटक पदार्थ जास्तीपासून कमीकडे लिहायचे असा नियम आहे, त्यामुळं साखर दुसऱ्या तिसऱ्या नंबरला दिसली की समजायचं. आमच्याकडं आजारी माणसाला हलकं म्हणून मारी बिस्कीट देतात, माझ्या हातातल्या पुड्यावर १०० ग्रॅममागं २० ग्रॅमच्या वर साखर होती. टोमॅटो सॉसचं तेच. अक्षर मात्र मुंगीएवढं, चष्मा लावून पण मोबाईलनं फोटो काढून मोठं करून बघावं लागलं.

वजन दीड किलो उतरलं, त्यात बिस्किटं बंद झाल्याचा वाटा किती ते मला सांगता येणार नाही. एचबीएवनसी दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवतं, त्यामुळं महिन्यानं तपासून उपयोग नाही, मार्चअखेर बघायचं ठरलंय. आणि हो, ज्यांना आधीच शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी माझं ऐकून एकदम काही बंद करू नका, डॉक्टरला विचारा, साखर एकदम खाली गेली तर ते फार वाईट.

तर संपादक साहेब, मागणी एवढीच आहे. गूळ, मध, खजूर घातलेल्या पदार्थाला 'शुगर फ्री' छापू नका, 'गुळाचे लाडू' म्हणा की, चांगलं नाव आहे. आणि एका लाडवात किती ग्रॅम गूळ जातो तेवढं खाली एका ओळीत द्या, मुंगीएवढ्या अक्षरात नको.

ता. क. बायकोनं तुमच्या त्या रेसिपीचे लाडू केले. झालेत चांगले. एक खाल्ला, फेब्रुवारी लागला होता.

आपला,
एक ऊसवाला वाचक, ता. कराड, जि. सातारा