ओहायोहून डिचोलीला: भुतांच्या आठवड्याविषयी

ओहायो, नोव्हेंबर 2025

तीर्थरूप आई व बाबा यांस शिरसाष्टांग नमस्कार.

मी इथे खुशाल आहे. थंडी सुरू झाली असली तरी गरम कपडे पुरेसे आहेत आणि जेवणाची आबाळ होत नाही, हे आधीच लिहिते. मी शाळेत मुलांना भुतेखेते शिकवते असे वाटून आजीने राखणदाराच्या नावाने नारळ ठेवला, हे वहिनीकडून कळले. नारळ ठेवला ते चांगलेच झाले, पण तिच्या मनातली काळजी जावी म्हणून सगळे सविस्तर लिहिते.

इथे 31 ऑक्टोबरला हॅलोविन नावाचा सण असतो. तो मूळचा आयर्लंड-स्कॉटलंडकडचा. दुसऱ्या दिवशी, 1 नोव्हेंबरला, ख्रिस्ती संतांचा दिवस असतो आणि 2 तारखेला आपले शेजारी सिमितेरीत जाऊन मेणबत्त्या लावतात तो मृतांचा दिवस. संतांच्या दिवसाशी जोडलेली ही आदली संध्याकाळ. आयर्लंडमध्ये सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. तिथून आलेल्या लोकांना अमेरिकेत मोठा आणि कोरायला सोपा भोपळा मिळाला. लोक आपल्या अंगणात खोट्या समाध्या उभारतात, झाडांना प्लास्टिकचे सापळे टांगतात, आणि एरवी कोणाच्या दारी न बोलावता न जाणारी ही माणसे त्या संध्याकाळी मुलांना भुतांचे कपडे घालून परक्यांच्या दारी गोड मागायला पाठवतात. दारावरचा दिवा लावलेला असेल तर घंटी वाजवायची, विझवलेला असेल तर त्या घराला त्रास द्यायचा नाही, असा अलिखित नियम आहे. मला हे पहिल्यांदा फार विचित्र वाटले. मग आपल्या वाड्यावरची मुले गवत आणि कागद भरून नरकासुर करतात आणि पहाटे जाळतात ते आठवले. 2024 साली तर नरकचतुर्दशी आणि हा सण एकाच तारखेला आले होते.

या दिवसांत दुसरीच्या मुलांचे लक्ष भुतांखेरीज कशातच नसते, म्हणून आम्ही आठवडाभर विज्ञानाचे प्रयोगच भुतांच्या रूपात करतो. पातळ कागदाचे भूत कापून त्याचे पाय टेबलाला चिकटवायचे, फुगा केसांवर घासायचा आणि वर धरायचा, की भूत उठून उभे राहते. घासताना केसांतले इलेक्ट्रॉन फुग्यावर येतात आणि त्या विद्युत्भाराकडे हलका कागद ओढला जातो. हे चिंटूला जरूर करायला सांगा, मात्र पावसाळ्यात नव्हे, कारण दमट हवेत भार टिकत नाही. कॉर्नफ्लॉवरच्या दोन वाट्यांत एक वाटी पाणी घातले की एक विलक्षण लगदा होतो: मूठ जोरात मारली तर दगडासारखा लागतो आणि बोट हळूच ठेवले तर आत बुडते. झटका बसला की पिठाचे कण एकमेकांत अडकतात, सावकाश दाबले तर त्यांना सरकायला वेळ मिळतो. मला सर्वांत आवडला तो हाडांचा प्रयोग. कोंबडीच्या तंगडीचे स्वच्छ केलेले हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये ठेवले की त्यातली कॅल्शियमची खनिजे विरघळतात, फक्त प्रथिनांचा सांगाडा उरतो आणि हाड वाकवता येते. शेजारच्या घरचे माडाचे व्हिनेगर यासाठी चालेल. मग आम्ही पुठ्ठ्याच्या पंज्यावर नळ्या चिकटवून त्यांतून दोरे ओवले. दोरा ओढला की बोट वाकते, कारण आपल्या हातातही कंडरा असेच ओढतात आणि बोटे वाकवणारे मोठे स्नायू कोपर आणि मनगटाच्या मध्ये असतात. पंज्यात मनगटासकट 27 हाडे आहेत हे कळल्यावर प्रत्येक मूल स्वतःचा हात चाचपून मोजू लागले. सोमवारी सापळ्याचे चित्र पाहून रडलेली एक मुलगी शुक्रवारी तो कागदी हात घरी न्यायला मागत होती. आजीला हे नक्की सांगा, कारण मी भीती शिकवत नाही, भीतीमागचे कारण मुलांना हाताने तपासून पाहू देते.

याच आठवड्यात आम्ही भांड्यातून पांढरा धूर काढून दाखवतो, त्याविषयी बाबांनी विचारले होते की त्या धुराच्या भांड्याने हात भाजत नाहीत का. तो धूर घन कार्बन डायऑक्साइडमुळे दिसतो, त्या घन पदार्थाचे तापमान उणे 78 अंश सेल्सिअसच्या आसपास असते, आणि म्हणूनच मुलांना त्याला हात लावू देत नाही. जाड हातमोजे घालून मी एकटीच ते हाताळते, खिडक्या उघड्या असतात आणि भांड्याचे तोंड कधीही घट्ट बंद करत नाही. मुले चष्मे लावतात, प्रयोगातले काही तोंडात घालत नाहीत, आणि रबराची ॲलर्जी असलेल्या मुलाच्या वर्गात फुगा आणत नाही. सामानाचा खर्च शाळा करते, माझ्या पगारातून काही जात नाही.

चवथीला यंदाही गणपतीवर फळापानांची माटोळी बांधायला मी नव्हते आणि दिवाळीचे फोवही तुम्ही माझ्याशिवाय खाल्ले. ऑगस्टमध्येच इथे शाळा सुरू होते, त्यामुळे रजा मिळत नाही, हे खरेच आहे. आईने तक्रार केली नाही म्हणून मला अधिकच वाईट वाटते. जूनमध्ये सुट्टी लागली की मी येणार आहे आणि यावेळी तारीख बदलणार नाही. माजघराच्या कौलांसाठी पैसे पाठवले आहेत. पाऊस लागण्याआधी वासे आणि रिपा बदलून घ्या, दर वर्षी नुसती कौले सरकवण्यात अर्थ नाही. बाबांनी दिवाळीत घेतलेले उसने त्यातूनच आधी फेडावे. सावंतवाडीच्या मावशीने कळवलेल्या स्थळाला नाही म्हणू नका, पण हो असेही सांगू नका. त्या मुलाला मी नोकरी करत राहीन हे मान्य आहे का, एवढे मावशीने आधी विचारावे. मान्य असेल तर जूनमध्ये मी त्याला भेटेन. आईच्या गुडघ्याची तपासणी झाली की डॉक्टरांनी काय सांगितले ते दादाने लगेच कळवावे.

आजीला साष्टांग नमस्कार, चिंटूला अनेक आशीर्वाद. कळावे.

तुमची धाकटी