वरच्या मजल्यावरच्या ताई, चकली दिसली हो!

ताई, समोर आलो की तुम्ही "अरे त्यात काय" म्हणून उडवून लावता, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितोय.

तर झालं असं की आईच्या फराळाची साइट मी कशीबशी बनवली होती आणि भाव बदलला की फाइलझिलानं (सर्व्हरवर हातानं फाइली चढवायचं सॉफ्टवेअर) फाइल चढवायचो, एकदा घाईत जुनीच फाइल वर गेली आणि दोन दिवस अख्ख्या दांडिया बाजारातली गिऱ्हाइकं आईशी जुन्या भावावरून भांडत होती. तेव्हा तुम्हीच म्हणालात, गिटहबवर टाक (गिट कोडचे बदल नोंदवतं, गिटहब ते ऑनलाइन ठेवतं), नेटलिफायला जोड (ती साइट चढवून देणारी सर्व्हिस), पुश केलंस, म्हणजे बदल गिटहबवर पाठवलेस, की साइट आपोआप चढेल. केलं. बिल्ड (नेटलिफायवर साइट तयार व्हायची पायरी) हिरवं, लॉगमध्ये एक एरर नाही, आणि साइट उघडतो तर फोटोच नाहीत! चकली नाही, शंकरपाळी नाही, नुसते रिकामे चौकोन. घरच्या लॅपटॉपवर मात्र सगळं झकास. दिवाळी आठवड्यावर आलेली, मी रडकुंडीला.

रात्री साडेदहाला जिना चढून आलो, तुम्ही कुकर घासत होतात, मान वर न करता म्हणालात, "फाइलचं नाव वाच, एकेक अक्षर." चकलीच्या फोटोचा सी कॅपिटल, बाकी स्मॉल, शेवटचं जेपीजी परत कॅपिटल. "आणि कोडमध्ये?" सगळं स्मॉल. विंडोजला दोन्ही सारखंच, पण बिल्ड चालतं लिनक्सवर, तिथं मोठा सी आणि छोटा सी म्हणजे दोन वेगळ्या फाइली. बरं नाव बदललं तरी विंडोजवर गिटला पत्ताच नाही, मग गिट एमव्ही (गिटचीच नाव बदलायची कमांड) करायला लावलंत, अकराच्या अकरा फोटोंना. कीबोर्डला हात नाही लावलात (ओले होते हे खरं, पण पुसल्यावरही नाही).

खरा थँक्यू मात्र पुढच्यासाठी. जाता जाता तुम्हाला रेपोत, म्हणजे गिटहबवरच्या माझ्या साइटच्या फोल्डरात, डॉट ईएनव्ही ही गुप्त सेटिंगची फाइल दिसली, ऑर्डरचे ईमेल पाठवणाऱ्या सर्व्हिसची पासवर्डसारखी गुप्त की त्यात उघडी, आणि रेपो पब्लिक. मी म्हटलं डिलीट करतो, चालशे. तुम्ही केवढ्यानं ओरडलात! जुन्या कमिटमध्ये (गिटनं जपलेल्या बदलांच्या नोंदीत) ती तशीच राहते म्हणे, आधी ती की बंद कर, नवी काढ, नवी नेटलिफायच्या एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमध्ये (कोडबाहेरच्या सेटिंगमध्ये) ठेव, मग बाकीचं. आणि नुसतं गिटइग्नोअरमध्ये (गिटनं सोडून द्यायच्या फाइलींच्या यादीत) नाव घालून भागत नाही, आधीच ट्रॅक होणारी, म्हणजे गिटच्या नोंदीत असलेली फाइल गिट आरएम कॅश्ड या कमांडनं त्या नोंदीतून काढावी लागते, हे मी पाहिलेल्या एकाही व्हिडिओत नव्हतं.

परवा बेसन लाडवाच्या भावात एक शून्य जास्त पडलं. नेटलिफायवर डिप्लॉयच्या यादीत (आजवर चढवलेल्या आवृत्त्यांच्या) आदलं उघडलं, पब्लिश दाबलं, जुनी साइट परत, मग चहा पीत पीत चूक सुधारली. आईला कळलंसुद्धा नाही.

डबा वर पाठवलाय. चिठ्ठी मीच लिहिलीय, सगळी स्मॉल लेटरमध्ये.