झोप छान लागते

स्टुटगार्ट, रविवार

ती. बाबा आणि सौ. आई,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई म्हणाली, मी वाळलो. नाही वाळलो. खिडकीच्या उजेडात चेहरा तसा दिसतो. वरण-भात रोज होतो, आणि तुम्ही दिलेलं तिखट अजून अर्धं शिल्लक आहे.

काल सिनेमाला गेलो. एकटाच गेलो, पण त्याचा अर्थ एकटा पडलो असा काढू नका; इथल्या मित्रांना अंतराळाचे सिनेमे झेपत नाहीत. 'अ‍ॅड अ‍ॅस्ट्रा', 2019 चा, इथल्या एका छोट्या टॉकीजमध्ये पुन्हा लागला होता. ब्रॅड पिट जर्मन बोलत होता. आई, हे नीट सांगतो, कारण मागच्या वेळी तुला थट्टा वाटली. इथे इंग्रजी सिनेमा इंग्रजीत पाहायचा तर मुद्दाम शोधावा लागतो. बाकी सगळं जर्मनमध्ये डब. आणि टीव्हीवरच्या हिंदी डबिंगसारखं नाही हं, इथे एका नटाला वर्षानुवर्षं एकच माणूस आवाज देतो. तो बदलला तर लोक कुरकुरतात. उलट ब्रॅड पिटचा स्वतःचा आवाज ऐकवला तर तोच त्यांना परका वाटतो! घरमालकीणबाईंनी हे मला अगदी गंभीर चेहऱ्याने समजावलं. मला निम्म्याहून जास्त कळलं, म्हणजे पैसे वाया गेले नाहीत.

बाबा, दिसायला सिनेमा काय आहे म्हणून सांगू! सुरुवातीलाच तो आभाळात घुसलेल्या एका अँटेनावरून खाली पडतो, आणि पडतच राहतो. रमण विज्ञान केंद्राच्या तारामंडळात अंधार झाला की मी तुमचं मनगट धरायचो, तसा काल खुर्चीचा हात धरला. चंद्रावर गाड्यांचा पाठलाग आहे, खाली राखाडी धूळ आणि वर काळंकुट्ट आकाश. तेवढ्यासाठी तिकीट वसूल.

पण विज्ञान! तुम्ही मध्यंतराची वाट न पाहता उठला असता (इथे मध्यंतर नसतंच). एका यानातून पिसाळलेलं बॅबून माकड निघतं, कशाला ते दिग्दर्शक जेम्स ग्रेलाच माहीत. नायक पत्र्याची ढाल धरून नेपच्यूनची कडी पार करतो. ती कडी म्हणजे विरळ धूळ, आणि इथे गिट्टीचा ट्रक उलटल्यासारखे दगड! वर अणुस्फोटाच्या धक्क्यावर स्वार होऊन तो घराकडे निघतो. हवाच नाही तर धक्का कशाचा, हा तुमचा नववीच्या वर्गातला आवाज मला तिथेच ऐकू आला.

एक जागा मात्र पक्की जमलीये. कामगिरीवर जाण्याआधी त्याला यंत्रासमोर बसून सांगावं लागतं: झोप छान झाली, मन शांत आहे. यंत्र पास करतं. नाडी 80 च्या वर जात नाही म्हणून त्याचं कोण कौतुक! मला आपला रविवारचा फोन आठवला आणि हसू आलं. म्हणजे तसं काही नाही. मला खरंच छान झोप लागते.

बाप जवळपास तीस वर्षांपूर्वी नेपच्यूनकडे गेलेला, मुलगा त्याला शोधत जातो. तिथून निरोप यायचा तर चार तास. आपलं बरं, फोन लगेच लागतो. बाप शेवटी काय म्हणतो ते लिहीत नाही, आईला उगाच लागेल.

बाकी, छोटीच्या साक्षगंधाच्या हॉलचे दीड लाख उद्या टाकतो. गच्चीचं काम पावसाआधी उरकून घ्या, पैशाकडे पाहू नका. धंतोलीच्या स्थळाला मी नाही म्हटलेलं नाही, यंदा नको एवढंच म्हटलं. त्या मुलीला इथे यायचंय का, हे तरी कुणी विचारलं का तिला?

सुट्टी एकदाच मिळेल. साक्षगंधाला आलो तर महालक्ष्म्यांना जमणार नाही. साक्षगंधाला येतो. तिकीट काढलं नाही अजून, पण येतो.

आई, गेल्या वर्षी महालक्ष्म्यांच्या जेवणाला माझं पान मांडून फोटो पाठवलास, तसं यंदा करू नको. त्या पानावर शेजारच्या कुणाला तरी बसव.

तुमचा,
बंटी