मशीन दिलं, आता गुंता सोडवायलाही शिकवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात बचत गटातल्या बायकांनी घेतलेल्या कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरी मशीनची बातमी फोटोसह आली होती. मशीनला हार घातलेला, शेजारी पेढ्यांचा बॉक्स. वाचून खरंच आनंद झाला. पण त्या मशीनचं दोन महिन्यांनी काय होतं, ते मी गेली काही वर्षं कोपरगावात आणि आसपासच्या गावांत बघते आहे, म्हणून हे पत्र लिहिते. माझ्या ओळखीच्या पाच घरांत अशी मशिनं आहेत. त्यातली तीन जुन्या चादरीखाली झाकून ठेवलेली मी स्वतः पाहिली. घरातल्यांना विचारलं की एकच उत्तर, "बिघडलंय." मी उघडून बघितली तेव्हा तिन्हीतलं एकही बिघडलेलं नव्हतं.

माझी आई काळ्या पायमशीनवर रिंग लावून भरतकाम करायची. त्यासाठी कापड दाबून धरणारा मशीनचा पाय काढून ठेवायचा, कापड पुढे सरकवणारे दाते खाली करायचे आणि रिंग उलटी लावायची, म्हणजे कापड खालच्या पाटीला टेकतं. मग दोन्ही हातांनी रिंग फिरवत कोयरी भरायची. मी शिकत होते तेव्हा ती स्वयंपाकघरातून ओरडायची, "दांडा खाली केलास का गं?" दांडा म्हणजे तो पाय वर-खाली करणारी कळ. पाय काढलेला असला की दांडा वर आहे की खाली, हे नजरेला कळत नाही. आणि दांडा वर राहिला, तर दोरा दाबून धरणाऱ्या दोन चकत्या उघड्याच राहतात. दोरा सैल सुटतो आणि कापडाखाली त्याचं घरटं होतं. मला वाटायचं, खाली गुंता म्हणजे खालच्या दोऱ्याच्या बॉबिनचाच दोष. आई सांगायची, खाली गुंता झाला तर आधी वर बघ.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरी २०२१ साली मी कर्ज काढून कॉम्प्युटरचं मशीन घेतलं, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी फसले. येवल्याच्या पैठणीवरचा ब्लाऊज होता, बाहीवर मुनिया, म्हणजे पोपट, काढायची होती. तीस-चाळीस टाके पडले असतील, खडखड आवाज आला आणि सुई अडकली. फ्रेम उचलायला गेले तर उचलेना. खाली दोऱ्याचा गोळा, प्लेटमध्ये रुतलेला. मी बॉबिन काढली, घातली, बॉबिन केसचा बारीक स्क्रू पिळला. नवीन मशीनमध्ये तो स्क्रू हलवायचा नसतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. शेवटी मेकॅनिकला बोलावलं. त्याने एका मिनिटात काहीतरी केलं, मशीन चालू झालं, आठशे रुपये घेतले. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच, आठशे. तिसऱ्या वेळी मी त्याच्यासमोर चहा ठेवला आणि म्हटलं, दादा, आज काय करता ते मला दाखवल्याशिवाय जायचं नाही. त्याने दाखवलं. दांडा वर उचलला, दोरा पूर्ण काढला, पुन्हा ओवला, दांडा खाली केला. झालं.

मी दोरा ओवताना दांडा खाली ठेवत होते. दांडा खाली असला की आतल्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्या मध्ये न बसता वरच्यावर राहतो. म्हणजे आईच्या मशीनवर शिवताना दांडा वर राहिल्याने जे व्हायचं, तेच माझ्या मशीनवर ओवताना दांडा खाली राहिल्याने होत होतं. चकत्यांची जोडी तीच, गुंताही तोच. दोन हजार चारशे रुपये देऊन मी ते शिकले. माझ्या ओळखीतल्या तीन झाकलेल्या मशिनांपैकी दोन याच एका कारणाने बंद होती.

तिसऱ्याची गोष्ट वेगळी. त्या मुलीने घरच्या मशीनची सोळा नंबरची जाड सुई लावली होती, घरात तीच होती म्हणून. रेशमी कापडावर सोळा नंबरची सुई म्हणजे चाळणी. भरतकामाच्या नेहमीच्या दोऱ्याला अकरा नंबरची, मोठ्या डोळ्याची एम्ब्रॉयडरीची सुई लागते. जरीच्या दोऱ्याला चौदा नंबर चालते, कारण त्याला मोठं भोक हवं, नाहीतर तो सोलवटून तुटतो. शिवाय तिने सुई उलटी बसवली होती. घरगुती सुईच्या दांडीची एक बाजू सपाट असते. आमच्या मशिनांत ती सपाट बाजू मागे यावी लागते. ती पुढे आली तर खालून दोरा पकडणाऱ्या हुकला दोरा सापडत नाही, टाके सुटतात आणि बाई समजते मशीन गेलं. सुई काही रुपयांची वस्तू. सुईला टोक आहे तोवर ती चांगली, असं आपण धरतो. पण आठ-दहा तास सलग भरतकाम झालं की टोक बोथट होतं आणि कापडातून जाताना टक-टक आवाज येतो. तो आवाज ऐकायला शिकवणारं कोणी हवं.

भरताना कापडामागे आधाराला लावायच्या पेपरबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण सर्वात जास्त ब्लाऊज तिथे वाया जातात. एका बाईने पैसे वाचावेत म्हणून मागे वर्तमानपत्र लावलं. भरलेल्या मोराच्या कडेने कापड चुण्या पडून गोळा झालं आणि छपाईची शाई फिकट गुलाबी रेशमाला लागली ती वेगळीच. दाट भरलेल्या मोरात हजारो टाके असतात आणि प्रत्येक टाका कापडाला आत ओढतो. ती ओढ सोसायला मागे न ताणणारा पेपर लागतो. ताणणाऱ्या होजिअरीच्या कापडाला कापून काढायचा, म्हणजे कायम मागे राहणारा पेपर. घट्ट सुती कापडाला फाडून काढायचा चालतो. फ्रेममध्ये कापड ढोलकीसारखं ताणा, असं सगळ्याच सांगतात. मला ते पटत नाही. पेपर आणि कापड एकत्र, सपाट, सुरकुती न ठेवता बसवायचं, एवढंच. ओढून बसवलेलं कापड फ्रेममधून सुटलं की मूळ जागी जातं आणि भरलेला भाग तेवढाच राहतो, मग चुण्या पडतात. आणि रेशमावर चुकलं तर उसवून पुन्हा भरता येत नाही, सुईची भोकं दिसतात. म्हणून उरलेल्या तुकड्यावर आधी एकदा भरून बघायचंच. ब्लाऊज परत न्यायला आलेल्या गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे बघायची वेळ येऊ नये.

डिझाइनच्या फाईलींचंही असंच. मशीनला टाके कुठे घालायचे ते सांगणाऱ्या डीएसटी नावाच्या फाईलमध्ये रंग साठवलेले नसतात, म्हणून पडद्यावर मोर गुलाबी दिसतो. नवशिकीला वाटतं फाईल खराब आली. आणि दहा सेंटिमीटरचा मोर मशीनवरच दाबून सहाचा केला, तर पुष्कळ मशिनांत टाक्यांची संख्या तेवढीच राहते. मग भरलेला भाग पुठ्ठ्यासारखा कडक होतो, दोरा तुटतो, सुईही मोडते. इथेही मशीनचा दोष नाही.

आता मूळ मुद्दा. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांमध्ये शिंपीकाम आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे, पाच ते सात दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण आहे आणि पाच टक्के व्याजाने पहिलं एक लाखापर्यंतचं कर्ज आहे. ही चांगली गोष्ट आहे, मी तिच्या विरोधात नाही. पण ते पहिलं कर्ज अठरा महिन्यांत फेडायचं असतं. कर्जावर घेतलेलं मशीन लग्नसराईत दोन महिने चादरीखाली राहिलं, तर त्या दोन महिन्यांचे हप्ते कुठून येणार? मशीन कोणत्याही योजनेतून घ्या, बचत गटाच्या कर्जातून घ्या किंवा मंगळसूत्र गहाण ठेवून घ्या, हप्ता थांबत नाही.

आमच्याकडच्या एका प्रशिक्षणाला मी दोन दिवस बसले होते. शिकवणाऱ्या बाई मनापासून शिकवत होत्या. पण मशीन आधीच ओवून ठेवलेलं, सुई नवी, कापड सुती. तिथे सगळं नीट चाललं. घरी गेल्यावर सगळं बिघडलं. माझं म्हणणं असं की प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी मशीन मुद्दाम बिघडवून ठेवावं. दोरा चकत्यांबाहेर ठेवा, सुई उलटी लावा, बॉबिन उलट्या दिशेने घाला, हुकच्या खाचेत दोऱ्याचा तुकडा आणि धूळ राहू द्या. आणि मग बायकांना सांगा, शोधा. जिला ते शोधता येईल तिचं मशीन बंद पडणार नाही.

मशीन विकणाऱ्यांकडेही मागणी आहे. माझ्या मशीनसोबत आलेली पुस्तिका जाडजूड होती, अनेक भाषांत होती, त्यात मराठी नव्हती. महाराष्ट्रात विकता, तर निदान अडचणींची पानं मराठीत द्या.

संपादक महोदय, आपल्याकडे एक मागणं आहे. आपल्या महिला पुरवणीत एकदा फक्त कापडाच्या उलट्या बाजूचे तीन फोटो छापा, खऱ्या आकारात. सारखे भरलेले तीन पट्टे, वर लाल दोरा, खाली पांढरा. एका फोटोत मागच्या बाजूला मधोमध एक तृतीयांश पांढरी पट्टी आणि दोन्ही कडांना लाल, म्हणजे ताण बरोबर आहे. दुसऱ्यात मागे सगळं लालच लाल, म्हणजे वरचा दोरा सैल आहे, आधी पुन्हा ओवून बघा. तिसऱ्यात मागे जवळजवळ सगळं पांढरं आणि पुढच्या बाजूलाही पांढरे ठिपके, म्हणजे वरचा दोरा जास्त ताणलाय किंवा खालची बॉबिन नीट बसलेली नाही. तिन्ही पट्टे मी भरून ठेवले आहेत, कळवलंत तर पाठवते. फोटो जरा मोठे छापा. कात्रण मशीनशेजारी भिंतीला लावलं, तर खुर्चीत बसल्या जागेवरून दिसलं पाहिजे.

आपली,
एक शिलाईकाम करणारी वाचक,
कोपरगाव, जि. अहिल्यानगर