हॅलोजनखाली पॅनेल पारखू नका

मा. संपादक,

छतावर सौर पॅनेल बसवणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानात कधी हॅलोजन, कधी एलईडी दिव्याखाली मल्टिमीटर लावून 'बघा, व्होल्टेज बरोबर येतंय' असे दाखवले जाते. त्यातून पॅनेल जिवंत आहे एवढेच कळते. ते ५४० वॉटचे की ४५०चे, हे कळत नाही. उघड्या टोकांचे व्होल्टेज मंद उजेडातही बरेच वर चढते. पारख करंटची करायची, आणि करंट उजेडात कोणते रंग किती आहेत यावर ठरतो.

बहुतेक पॅनेल सिलिकॉनची. सिलिकॉनला सुमारे ११०० नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंतचा प्रकाश कामाचा. डोळा ७००च्या आसपासच थांबतो. पांढऱ्या एलईडीत ४५०जवळ निळा उंचवटा, पुढे पिवळसर पट्टा आणि ७५०नंतर जवळपास अंधार. हॅलोजनची बहुतेक ऊर्जा अवरक्त, म्हणजे डोळ्याला न दिसणारी. त्यातली सिलिकॉनच्या मर्यादेपलीकडची ऊर्जा पॅनेल नुसते तापवते, आणि दर अंशाला व्होल्टेज सुमारे ०.३ टक्के घसरते. उजेड मोजणारा लक्स मीटर तर डोळ्याच्या मापाने बेतलेला. त्यावर आकडा उन्हाइतकाच दिसला, तरी एलईडीखाली करंट निम्म्याहून कमी आणि हॅलोजनखाली दुपटीहून जास्त भरतो.

प्रयोगशाळेतही हा पेच सुटलेला नाही. 'ए' वर्गाच्या सिम्युलेटरचा, म्हणजे कृत्रिम सूर्यासारख्या दिव्याचा, प्रकाश प्रत्येक तरंगलांबी-पट्ट्यात प्रमाण सूर्यप्रकाशाच्या ७५ ते १२५ टक्के असला तरी चालतो. म्हणून दिवा जुळवायचा संदर्भ सेल (उजेडाची तीव्रता मोजणारा प्रमाणित छोटा सेल) तपासायच्या पॅनेलच्याच जातीचा लागतो. सिलिकॉनच्या सेलवर जुळवलेल्या दिव्याखाली कॅडमियम टेल्युराइड या वेगळ्या पदार्थाचे पॅनेल मोजले, तर रंगांतला फरक भरून काढणारा सुधारणा-गुणक लावल्याशिवाय तो आकडा धरू नये.

ग्राहकाने सिरियल नंबरसह फ्लॅश टेस्टचा (कारखान्यात सिम्युलेटरखाली घेतलेल्या मापाचा) अहवाल मागावा आणि निरभ्र दुपारी उन्हात तपासून घ्यावे. पॅनेल सूर्यासमोर काटकोनात धरावे. त्यावर उभी केलेली काडी सावली पाडेनाशी झाली की कोन जमला. शेजारी त्याच कोनात सिलिकॉन संदर्भ सेल. तो ८०० वॉट प्रति चौरस मीटर दाखवत असेल आणि पॅनेलच्या लेबलवर शॉर्ट सर्किट करंट (दोन्ही टोके थेट जोडल्यावर वाहणारा) १४ अँपिअर असेल, तर लेबलचा आकडा १००० वॉटसाठी असल्याने तो ११.२च्या आसपास यायला हवा. मोजायला वायरीभोवती अडकवायचा डीसी क्लॅम्प मीटरच घ्यावा. साध्या मल्टिमीटरचा १० अँपिअरचा फ्यूज इथे उडू शकतो. दोन्ही वायरी जोडण्याआधी आणि सोडवण्याआधी पॅनेलवर जाड कापड टाकावे. भर उन्हात कनेक्टर उपसला तर ठिणगी पडून तो जळू शकतो.

— सौर तंत्रज्ञ, सांगली