दोन इंचांचा वाक

चि. बाळास, अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र काल मिळाले. दाबाखाली असलेल्या एका घटकाचे मोजमाप ड्रॉइंगशी जुळले नाही आणि ‘तो कारखान्यातूनच तसा आला असेल’ असे तुला सांगण्यात आले, हे वाचल्यापासून क्युबेकचा पूल माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. तिथेही अगदी हेच उत्तर मिळाले होते, म्हणून त्या पुलाची हकीकत तुला सविस्तर लिहिते आहे.

कॅनडात सेंट लॉरेन्स नदीवर पोलादी कॅन्टिलिव्हर पूल, म्हणजे खांबांपासून पुढे काढलेल्या भुजांवर पेललेला पूल, बांधायचे ठरले, तेव्हा त्याचा मधला गाळा (दोन खांबांमधले अंतर) १,६०० फुटांचा योजला होता. १९०० मध्ये सल्लागार अभियंता थिओडोर कूपर यांनी तो १,८०० फुटांचा करवला. त्या वेळी स्कॉटलंडमधील फोर्थ पुलाचे १,७१० फुटांचे गाळे जगात सर्वांत मोठे होते. खांब खोल पाण्यातून किनाऱ्याकडे सरकवले तर वाहत्या बर्फाचा त्रास कमी होईल आणि पायाचे काम लवकर उरकेल, हे त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. चूक त्यापुढे झाली. गाळा वाढला की सांगाडा जड होतो, आणि ते जास्तीचे वजन पेलण्यासाठी घटक जाड केले की तो आणखी जड होतो. हे चक्र स्थिरावेपर्यंत फिरवल्याखेरीज स्वभार, म्हणजे पुलाचे स्वतःचे वजन, ठरवताच येत नाही. क्युबेकला गाळा बदलला, पण त्याला साजेसा स्वभार नव्याने काढला गेला नाही. १९०६ मध्ये पोलादाचे वजन अंदाजापेक्षा जास्त भरत असल्याचे लक्षात आले, तोवर बरेचसे पोलाद घडवून झाले होते, आणि कूपर यांनी वाढीव प्रतिबल (पोलादाच्या दर चौरस इंचावर येणारे बल) चालवून घेतले.

आता क्युबेकला जो घटक वाकला, त्याकडे नीट बघ. खालच्या कॉर्डचा, म्हणजे भुजेच्या तळाशी दाब घेणाऱ्या लांब घटकाचा, प्रत्येक तुकडा म्हणजे शेजारी शेजारी उभ्या केलेल्या चार जाड पोलादी फळ्या, अँगलच्या (एल आकाराच्या पोलादी पट्ट्यांच्या) जाळीने एकमेकींना बांधलेल्या. दाब आला की अशी प्रत्येक फळी एकटी बाजूला वाकू पाहते. चौघींना एकजीव ठेवण्याचे काम जाळीचे आणि तिच्या रिव्हेटांचे असते. पुस्तकांत जाळीचा विषय दोन पानांत संपतो आणि विद्यार्थी तो किरकोळ समजतात, याचे मला नेहमी वाईट वाटत आले आहे, कारण क्युबेकला हीच जाळी कमजोर ठरली.

१९०७ च्या उन्हाळ्यात दक्षिणेकडची भुजा नदीवर पुढे पुढे जात असताना खालच्या कॉर्डचे काही तुकडे वाकलेले दिसू लागले. ऑगस्टमध्ये त्यांपैकी एकाचा वाक आठवडाभरात सुमारे पाऊण इंचावरून दोन इंचांवर गेला. पूल बनवणाऱ्या कंपनीचे लोक वाक आधीपासूनचाच आहे असे म्हणत राहिले. पण आधीपासूनचा वाक वाढत कसा जाईल? कामावरचा तरुण अभियंता नॉर्मन मॅक्ल्युअर मोजमापे घेऊन न्यूयॉर्कला कूपर यांच्याकडे गेला. प्रकृतीमुळे कूपर पोलादाचे काम पाहायला एकदाही आले नव्हते, परंतु आकडे पाहताच त्यांनी पुलावर आणखी भार घालू नये अशी तार पेनसिल्व्हेनियातील कंपनीला केली. क्युबेकला मात्र निरोप वेळेत पोहोचला नाही. २९ ऑगस्टला सायंकाळी साडेपाचच्या सुमारास, दिवसाचे काम संपत आले असताना, दक्षिणेकडचे सारे पोलाद काही सेकंदांत खाली आले. ७५ माणसे मेली. त्यांत कानावागे वस्तीतले मोहॉक या मूलनिवासी जमातीचे ३३ कामगार होते.

चौकशी आयोगाने कूपर यांच्यावर आणि कंपनीच्या आरेखन अभियंत्यावर ठपका ठेवला. तो योग्यच होता, तरी मला त्याहून जास्त खुपते ते हे, की वाक रोज डोळ्यांना दिसत असलेल्या जागी काम थांबवण्याचा अधिकार असलेला जाणकार कोणीच नव्हता.

दुसरा पूल कितीतरी जड, इंग्रजी के आकाराच्या सांगाड्याचा आणि काही भागांत निकेलयुक्त पोलादाचा केला. ११ सप्टेंबर १९१६ रोजी त्याचा मधला ६४० फुटांचा तुकडा वर उचलताना आधाराचा एक ओतीव भाग तुटला, तुकडा नदीत गेला आणि आणखी १३ माणसे गेली. पुढच्या सप्टेंबरमध्ये नवा तुकडा जागेवर बसला आणि १९१७ मध्येच त्यावरून गाड्या जाऊ लागल्या. एवढा लांब कॅन्टिलिव्हर गाळा त्यानंतर कुठेही बांधला गेलेला नाही, आणि आजही त्यावरून आगगाड्या जातात.

तुझ्या पत्रात वाकाचा एकच आकडा आहे. तो कोणत्या तारखेचा, हे तू लिहिलेले नाहीस. त्याच ठिकाणी ताणलेली दोरी लावून पुन्हा मोज, दोन्ही आकडे तारीख आणि वेळेसह लेखी वरिष्ठांना दे, आणि दुसरा आकडा मोठा आला तर उत्तर येईपर्यंत त्या घटकावर भार वाढू देऊ नकोस. दोन्ही आकडे मलाही कळव.

तुझी,
आई