हार्ड डिस्कची जोडी लावून देताना बिलावर तसे लिहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जुना संगणक रखडायला लागला की दुकानात एक उपाय सुचवला जातो: आणखी एक हार्ड डिस्क घ्या, दोन्ही ‘रेड ०’मध्ये (दोन डिस्क मिळून एकच असल्यासारखी जोडणी) लावून देतो, वेग दुप्पट होईल. यातले अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे ग्राहकाला कोणी सांगत नाही, म्हणून हे पत्र.

रेड ०मध्ये फाइलचे ६४ किंवा १२८ केबीचे तुकडे पडतात आणि ते आळीपाळीने दोन डिस्कवर लिहिले जातात. मोठी फाइल सलग वाचायची असेल तर दोन्ही डिस्क एकदम कामाला लागतात. एकीचा वेग सेकंदाला १५० ते २०० एमबी असेल तर जोडीचा ३०० ते ४०० मिळतो. पण विंडोज सुरू होताना किंवा ब्राउझर उघडताना सलग वाचन फारसे नसतेच. चार-चार केबीचे हजारो तुकडे इकडून तिकडून गोळा करायचे असतात. मिनिटाला ७२०० फेऱ्यांच्या डिस्कचे हेड, म्हणजे वाचणारे टोक, जागेवर पोहोचायला आठ-नऊ मिलिसेकंद घेते, आणि हवा तो भाग फिरून हेडखाली यायला सरासरी ४.१७ मिलिसेकंद लागतात. डिस्क दोन केल्या तरी प्रत्येक तुकड्यामागचे हे बारा-तेरा मिलिसेकंद कमी होत नाहीत. साधी साटा (डिस्क जोडायची नेहमीची पद्धत) एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली चिपची डिस्क, तोच तुकडा मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात आणून देते. संगणक झटपट सुरू व्हावा एवढीच अपेक्षा असेल, तर दुसऱ्या हार्ड डिस्कचे पैसे एसएसडीत घालावेत आणि विंडोज तिच्यावर टाकावे.

धोक्याचा हिशेबही सांगायला हवा. एक डिस्क वर्षभरात बिघडण्याची शक्यता ३ टक्के धरली, तर दोघींपैकी एखादी बिघडण्याची ५.९ टक्के होते, चार डिस्कच्या संचात ११.५ टक्के. रेड ०मध्ये एक गेली की सगळा डेटा गेला, कारण प्रत्येक मोठ्या फाइलचा निम्मा भाग तिच्यावर असतो.

मग रेड ०चा उपयोग कोणाला? लग्नाचे चित्रण संपादित करणाऱ्याला जरूर आहे. मूळ फुटेज दुसरीकडे सुरक्षित असते आणि जोडी फक्त कामापुरती वापरायची असते. डिस्क एकाच क्षमतेच्या घ्याव्यात. एक १ टीबीची आणि दुसरी २ टीबीची असेल तर मोठीतला वरचा १ टीबी जोडीला वापरता येत नाही. घेताना डिस्क सीएमआर (ट्रॅक शेजारी-शेजारी, सुटे असलेली) आहे ना, हे विचारावे. एसएमआर डिस्कवर ट्रॅक एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे सतत लिहित राहिले की वेग अचानक कोसळतो. जोडी तयार करताना दोन्ही डिस्कवरचा जुना डेटा पुसला जातो, तो आधी हलवावा. विंडोज आधीच एसएसडीवर असेल तर बायोसमधली (संगणक सुरू होतानाच्या मूळ मांडणीतली) साटाची पद्धत एएचसीआयवरून, म्हणजे सुट्या डिस्कच्या नेहमीच्या पद्धतीवरून, थेट रेडवर नेऊ नये, विंडोज बंद पडून निळा पडदा येण्याची दाट शक्यता असते. आधी एमएसकॉन्फिग या विंडोजमधल्या सोयीत सेफ बूटची (मोजक्याच गोष्टींसह सुरू होण्याची) खूण करावी, मग बायोसमध्ये बदल करावा, एकदा सेफ मोडमध्ये संगणक चालू होऊ द्यावा आणि नंतर ती खूण काढावी.

मदरबोर्डवरच्या रेडचा सर्वांत घातक प्रसंग डिस्क बिघडल्याने येत नाही, सीआर २०३२ या छोट्या बॅटरीने येतो. ती संपली की घड्याळ मागे जाते, बायोस मूळ मांडणीवर येतो आणि साटाची पद्धत बहुधा पुन्हा एएचसीआय होते. जोडी दिसेनाशी होते, विंडोजला दोन सुट्या डिस्क दिसतात. एक ‘फॉरमॅट करा’ म्हणते, दुसरी ‘इनिशिअलाइझ करा’. इथे घाबरून ‘ओके’ दाबले की चांगला डेटा हातचा जातो. काहीही न दाबता संगणक बंद करावा, बॅटरी बदलावी, बायोसमध्ये पुन्हा रेड निवडावे. जोडणीची नोंद डिस्कवरच असल्याने बहुतेक वेळा सगळे जसेच्या तसे परत दिसते.

घरच्या फोटोंसाठी रेड १ बरे: दोन्ही डिस्कवर एकच मजकूर राहतो, एक बिघडली तरी काम चालते. मात्र तो बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्हींकडून त्याच क्षणी जाते, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे रॅन्समवेअरही दोन्हींना लागते. एक प्रत वेगळ्या, एरवी काढून ठेवलेल्या डिस्कवर हवीच. वीज वारंवार जाणाऱ्या गावांत यूपीएसशिवाय राइट-बॅक कॅशे चालू करू नये. लिहून झाले असे संगणक समजतो, आणि ते अजून रॅममध्येच, म्हणजे वीज गेली की पुसल्या जाणाऱ्या तात्पुरत्या स्मृतीतच, असते.

संगणक जुळवून देणाऱ्या सर्व व्यावसायिकांना विनंती आहे की रेड ० लावण्याआधी ग्राहकाला धोका स्पष्ट सांगावा, आणि बिलावर चार नोंदी कराव्यात: रेडचा प्रकार, तुकड्याचा आकार, मदरबोर्डचे मॉडेल आणि कोणती डिस्क कोणत्या साटा पोर्टला आहे. पोर्टचा क्रमांक डिस्कवर चिकटपट्टीनेही लावावा. मदरबोर्ड जळाला आणि या नोंदी नसल्या, तर डेटा परत काढणाऱ्याला डिस्कचा क्रम आणि तुकड्यांचा आकार अंदाजाने जुळवत बसावे लागते.

आपला,
एक संगणक तंत्रज्ञ, ठाणे